पाहुण्यांची खुर्ची

"या, या. दारात का उभे? आत या," आबा म्हणाले, आणि मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. उघडं स्वयंपाकघर होतं, नुकताच बंद केलेला गॅस होता, आणि माझ्या दोन्ही हातांत बीटच्या आंबट रश्शातल्या कुब्ब्यांचं, खिमा भरलेल्या रव्याच्या गोळ्यांचं, गरम पातेलं. सुक्कोतची, म्हणजे घराबाहेर मांडव घालून सात दिवस त्यात जेवायच्या आम्हा ज्यूंच्या सणाची, पहिली संध्याकाळ होती. गॅलरीत मी उभारलेला मांडव, वर खजुराच्या झावळ्या, खाली पांढरी चादर घातलेलं टेबल, आणि टेबलाच्या टोकाला स्वच्छ शर्ट घालून, दाढी विंचरून बसलेले माझे वडील, पिन्हास मुराद, मुलांच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ते माझ्याकडे बघून हसत होते. हसू ओळखीचं होतं, पण ते माझ्या वाट्याचं नव्हतं. शाळा तपासायला आलेले साहेब, आईच्या माहेरची माणसं, बगदादहून आलेला एखादा जुना शेजारी, यांच्यासाठी ते राखून ठेवलेलं असायचं. "आज अब्राहामची संध्याकाळ," ते म्हणाले. "त्याच्याबरोबर आलात की एकटेच?" मी पातेलं टेबलावर ठेवलं. बोटं भाजली होती, ते आत्ता कळलं. "आबा, मी अव्नेर," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. "हो का? चांगलं नाव. आमच्या मुलाचंही तेच आहे."

मोठा धक्का बसला असं काही म्हणता येणार नाही. मी इमारतींची गणितं करणारा माणूस आहे. भार वाढत गेला की तडा कुठे जाणार हे आम्हाला आधीच दिसत असतं, कधी जाणार तेवढं दिसत नाही. वसंतात, पेसाखच्या सणाच्या आसपास, आबा सकाळी टाय लावून शाळेत जायला निघाले होते. ती शाळा बंद होऊन तिथे आता फरशांचं दुकान झालं आहे. दुकानदारानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मला फोन केला. त्यानंतर मी रामत गानचं माझं भाड्याचं घर सोडून यरुशलायमला, किर्यात योवेलच्या या जुन्या दगडी इमारतीत राहायला आलो. मला तसंही सोडण्यासारखं फारसं काही नव्हतं. बायको फार पूर्वी वेगळी झाली आणि मुलगी बर्लिनला असते. माझी बहीण नीरा बेर-शेवाला राहते. तिच्या घरात तीन पिढ्या, दोन कुत्री आणि सतत चालू असलेला टीव्ही आहे, तेव्हा आबांना तिच्याकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. तिनंच एक वृद्धाश्रम शोधून काढला. स्वच्छ, डोंगराकडे तोंड केलेला, आणि आबांना आवडेल असं छोटं प्रार्थनाघर असलेला. तिथे खोलीही झाली होती. "सणांनंतर आणा," तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. मीही तेच म्हणालो होतो. आमच्याकडे या महिन्यात कुठलंच काम होत नसतं. प्लंबर म्हणतो सणांनंतर, बँक म्हणते सणांनंतर, दातांचा डॉक्टर दात हातात आला तरी म्हणतो सणांनंतर. नवं वर्ष, मग उपासाचा दिवस, मग सुक्कोत, असे सण एकमेकांच्या पाठीवर येतात आणि सगळ्या देशाचं घोंगडं भिजत पडतं. माझंही पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते भिजत पडलेलं मला बरंच वाटत होतं.

मांडव घालायचा माझा विचार नव्हता. मला देवाचं काही देणंघेणं नाही, देवालाही माझं नसावं. पण उपासाचा दिवस संपला त्या संध्याकाळपासून आळीत मांडव ठोकणाऱ्या हातोड्यांचे आवाज सुरू झाले, आणि ते ऐकून आबा घरभर काहीतरी शोधत फिरायला लागले. पलंगाखाली, कपाटामागे, न्हाणीघरात. शेवटी मी माळ्यावरून फळ्या काढल्या तेव्हा ते शांत बसले. त्यांच्या हातचे मांडव मला आठवतात. जुनी दारं, आईच्या चादरी, सुतळी. एका वर्षी वाऱ्यानं सगळा मांडव जेवणात पडला होता आणि आईनं केसांतून झावळीचे तुकडे काढत रस्सा वाढला होता. मी तेव्हा नववीत होतो. मी म्हणालो होतो, मी बांधला असता तर पडला नसता. आबा म्हणाले होते, "मग तो मांडव झाला नसता, घर झालं असतं. घर आहे की आपल्याकडे. त्यातून उठून इथे यायचं असतं." हेडमास्तरांचं बोलणं असंच असायचं, ऐकणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं वाटायचं. पुढे मी पडणार नाही अशा गोष्टी बांधण्यातच आयुष्य घालवलं. हा मांडवही मी लोखंडी नळ्यांना स्क्रू मारून उभा केला. धक्का देऊन पाहिला. हलला नाही.

तर त्या पहिल्या संध्याकाळी आबांनी मला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. ही खुर्ची आमच्यात प्रत्येक मांडवात असते. दर संध्याकाळी एक पूर्वज जेवायला येतो असं मानतात, पहिल्या दिवशी अब्राहाम, मग इसहाक, मग याकोब, असं करत शेवटच्या दिवशी दावीद. खुर्चीवर आईनं भरलेलं जांभळं कापड आणि दोन जुन्या पोथ्या ठेवायच्या. त्यावर कोणी बसायचं नाही. लहानपणी मी एकदा बसलो होतो, तर आबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं आणि मी न जेवता आत गेलो होतो. आता त्यांनी स्वतः पोथ्या उचलल्या, त्यांना ओठ लावले, बाजूला ठेवल्या आणि कापडावरची न दिसणारी धूळ झटकली. "बसा. लांबून आलात." मी बसलो. त्यांनी द्राक्षारसाच्या प्याल्यावर आशीर्वाद म्हटला, त्यात एक शब्दही चुकला नाही. पाव मोडून पहिला तुकडा मला दिला. मग चौकशी. काय करता? इमारती बांधता? वा. मुलंबाळं? मी म्हणालो, एक मुलगी आहे, परदेशात. "सणाला येत असेल." "नाही." "येईल," ते म्हणाले. "आमचा मुलगाही येत नाही. हुशार आहे. हाताला यश आहे त्याच्या. पण सगळं फार घट्ट करतो." आणि त्यांनी माझ्या ताटात सगळ्यांत मोठा कुब्बा वाढला. मी जेवत होतो. परक्या माणसाला आपल्या मुलाबद्दल सांगावं तसं ते मला माझ्याबद्दल सांगत होते आणि मला त्यातलं बरंचसं नवीन होतं.

जेवता जेवता त्यांचं लक्ष वर गेलं. ते थांबले. काठी घेऊन उठले आणि माझ्या डोक्यावरची एक झावळी त्यांनी काठीच्या टोकानं बाजूला सारली. झावळीच्या वर आकाश नव्हतं, सिमेंट होतं. मी मान वर करून बघतच राहिलो. वरच्या मजल्यावर दीना स्वीसा राहते. तिनं उन्हाळ्यात आपली गॅलरी पुढे वाढवली होती, तिला आपल्या मांडवासाठी उघडं आकाश हवं होतं म्हणून. ते काम सुरू होण्याआधी ती नकाशा घेऊन माझ्याकडेच आली होती. "अव्नेर, बघ ना, पडणार तर नाही?" मी सळ्या बघितल्या, जाडी बघितली, चहा प्यायलो आणि सांगितलं, पडणार नाही. खाली कोणाच्या डोक्यावरचं आकाश जाणार हे माझ्या ध्यानातही आलं नाही, आणि त्याच स्लॅबखाली मी मापं घेऊन, स्क्रू मारून मांडव घातला, वर झावळ्या पसरल्या आणि हात झटकले. छताखाली घातलेला मांडव हा मांडव नव्हे. सावली उन्हापेक्षा जास्त हवी, पण वर बघितलं तर तारे दिसले पाहिजेत, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्या माणसाला समोर बसलेला मुलगा ओळखता येत नव्हता, त्याला हे बरोबर कळलं. "अरेरे," आबा म्हणाले, "पाहुण्याला आम्ही बाहेर बसवलं." त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं. "उठा. इकडे या. तिथे आकाश नाही."

कठड्याच्या बाजूला तेवढी एक पट्टी मोकळी राहिली होती. टेबल तिथे मावत नव्हतं. मी ते भिंतीकडे ढकललं आणि दोन खुर्च्या कठड्याला लावून शेजारी शेजारी ठेवल्या. ताटं मांडीवर घेतली. माझा खांदा आबांच्या खांद्याला लागत होता. इतक्या जवळ मी त्यांच्या शेजारी कधी बसलो होतो ते आठवेना. त्यांच्या कपड्यांना साबणाचा आणि कपाटातल्या महाळुंगाचा वास येत होता. सणाच्या प्रार्थनेला लागणारं ते फळ आबा आधीपासून कापसात गुंडाळून कपाटात ठेवतात आणि दिवसातून अनेकदा काढून हुंगतात. वरून दीनाकडच्या गाण्याचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. मध्येच तिनं कठड्यावरून वाकून पाहिलं. "पिन्हास, सणाच्या शुभेच्छा. असे कोपऱ्यात का बसलात दोघं, टेबल काय शोभेला आहे?" "आमच्याकडे पाहुणे आहेत," आबा अभिमानानं म्हणाले. ती माझ्याकडे बघून हसायला लागली, मग तिला काय ते कळलं आणि तिचं हसू विरलं. मला तिची कीव करावीशी वाटली नाही आणि स्वतःचीही नाही. थंड वारा होता. दोन झावळ्यांच्या मधून एक तारा दिसत होता, फार काही तेजस्वी नव्हता.

पुढचे दिवस मी पाहुणा म्हणून काढले. दिवसा मी अव्नेर असायचो, म्हणजे आबा मला कोणीच मानत नसत. गोळ्या थुंकायचे, अंघोळीला विरोध करायचे, मी हात धरला की हिसडा द्यायचे. संध्याकाळ झाली की मी शर्ट बदलायचो आणि गॅलरीच्या दारात उभा राहायचो. "या, या," ते म्हणायचे. मग सगळं बदलायचं. त्यांनी मला बगदादच्या नदीतली माशांची नावं सांगितली. माझ्या आईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती वांगी निवडत होती आणि तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, हे सांगितलं. मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. घरच्या माणसाला कोण सांगतं असलं काही. आई असताना या दिवसांत आमच्याकडे माणसांची रीघ असायची. कोणी उठायला लागलं की आबा बोट वर करून म्हणायचे, यजमान सांगेल ते सगळं पाहुण्यानं करावं, 'निघा' एवढं सोडून. आमच्यातलं फार जुनं वाक्य आहे ते. पाहुणे हसून परत बसायचे, आणि स्वयंपाकघरात आई किटली आपटून पुन्हा चहा टाकायची. ते वाक्य ऐकलं की मला राग यायचा. इतकी माया या येणाऱ्याजाणाऱ्यांवर कशी काय करतात, असं वाटायचं. आता ती सगळी माया माझ्या ताटात पडत होती आणि मी ती दुसऱ्याची पत्रं उघडल्यासारखी, पण हावरटपणानं, घेत होतो. याला भक्ती म्हणतात का, मला माहीत नाही. मी फक्त एवढं बघत होतो की पक्क्या घरात जे होत नव्हतं ते चार झावळ्यांखाली होत होतं.

सणाच्या मधल्या दिवसांत नीरा आली. तिनं आबांसाठी नवा स्वेटर आणला होता, कॉलरच्या आत त्यांचं नाव शिवलेला. वृद्धाश्रमात कपडे एकत्र धुतात म्हणून. आबांनी तिला ओळखलं, निदान तिच्या गालाला हात लावला. ते झोपल्यावर आम्ही मांडवात बसलो, ती सिमेंटखाली, मी कठड्याजवळ. "तू वाळलास," ती म्हणाली. "पाठ दुखते ना? उचलतोस त्यांना?" मी म्हणालो, दुखते. "अव्नेर, तुला आठवतं, तू लहान होतास, आबांनी आपल्याला मांडवात झोपायला लावलं होतं? तू उठून बसलास आणि म्हणालास, मला त्रास होतोय." मला आठवत होतं. नियमच आहे तसा. ज्याला मांडवात त्रास होतो तो त्या कर्तव्यातून सुटला. त्रास होत असताना बसून राहिला तर त्याला पुण्य नाही, उलट त्याला अडाणी म्हणतात. मी तो नियम त्यांच्याच तोंडून ऐकला होता आणि त्यांच्यावरच उलटवला. माझी गादी त्यांनी स्वतः आत नेऊन घातली होती. "मग?" नीरा म्हणाली. "आताही त्रास होतोय ना तुला? सुटलास. कोणी नावं ठेवणार नाही. मी तर मुळीच नाही." ती प्रेमानं बोलत होती आणि तिचं बरोबर होतं. मी आयुष्यभर बऱ्याच गोष्टींतून याच नियमानं सुटत आलो होतो, लग्नातूनसुद्धा. "सणांनंतर नेतो," मी म्हणालो. तिनं सुस्कारा सोडला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. जाताना ती स्वेटर खुर्चीवर ठेवून गेली.

शेवटची संध्याकाळ दावीदची. मी शर्ट बदलला, कुब्बे गरम केले, पण आबा मांडवात नव्हते. ते गॅलरीच्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडे, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, रोज मी उभा राहायचो त्या जागी. "चला ना," मी म्हणालो. ते झावळ्यांकडे बघत होते, भिंतींवर लावलेल्या डाळिंबांकडे, खुर्च्यांकडे. "सुंदर मांडव आहे," ते म्हणाले. "कोणाचा?" मी म्हणालो, तुमचाच. त्यांनी मान हलवली, पोराचं उत्तर चुकलं की हलवायचे तशी. "माझा नाही. मी इथे कोणाला ओळखत नाही. बोलावल्याशिवाय असं आत कसं जायचं?" मी त्यांचं कोपर धरलं. कोपर ताठ झालं. रस्सा निवत होता, वारा वाढला होता, आणि हा म्हातारा माणूस स्वतःच्या घराच्या दारात परका होऊन, संकोचून उभा होता. मला फार वाईट वाटलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओळखलं नाही तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. मग जे करायचं असतं ते मी केलं. मी आत जाऊन, खुर्चीमागे उभा राहून, पाहुण्यांना बोलावण्याचे शब्द म्हटले. आमच्या रोजच्या भाषेतले नाहीत ते, त्याहून जुन्या भाषेतले आहेत, आणि मी ते कधी म्हटले नव्हते, नुसते ऐकले होते. या, वरच्या पवित्र पाहुण्यांनो, आत या. बसा, पाहुणे, बसा. आवाज माझा वाटत नव्हता. आबांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मग काठी आधी पुढे टाकली आणि उंबरा ओलांडून ते आत आले.

मी पोथ्या उचलल्या, ओठ लावून बाजूला ठेवल्या, आणि त्यांना आकाशाखालच्या खुर्चीवर बसवलं. "काय वाढू?" "द्याल ते." मी म्हणालो, गार आहे, स्वेटर घाला. त्यांनी निमूटपणे हात वर केले आणि मी नीरानं आणलेला स्वेटर त्यांना घातला. जेवा म्हणालो, ते जेवले. रोज थुंकतात त्या गोळ्या पुढे केल्या, त्या त्यांनी पाण्याबरोबर गिळल्या आणि मला धन्यवाद दिले. इतका आज्ञाधारक पाहुणा मी पाहिला नव्हता. त्यांच्या मानेवर कॉलर दुमडली होती आणि आतलं शिवलेलं नाव दिसत होतं. सण संपला की मी म्हणणार, उठा, गाडी आली आहे, आणि हे असेच उठतील, असेच हात वर करतील, हे मला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं आणि हातातला घास मी ताटात परत ठेवला. मला रडू येत होतं. ते नीट तोंड पुसून माझ्याकडे वळले. डोळ्यांत पूर्वीची मिश्कील चमक होती. "यजमान, एक नियम ठाऊक आहे का तुम्हाला?" "कुठला?" "यजमान सांगेल ते सगळं पाहुण्यानं करावं..." आणि बोट वर करून ते थांबले, वर्गात वाक्य अर्धं सोडून पोरांकडे बघत थांबायचे तसे. मी म्हणालो, "'निघा' एवढं सोडून." "शाब्बास," आबा म्हणाले. "कोणी शिकवलं?" "वडिलांनी." "चांगले होते म्हणायचे," ते म्हणाले.

सण संपल्याच्या दुसऱ्या सकाळी आळीत पुन्हा हातोडे सुरू झाले, या वेळी खिळे काढण्याचे. फळ्या खाली टाकल्याचे आवाज येत होते, रस्त्याच्या कडेला वाळलेल्या झावळ्यांचे ढीग पडले होते. वृद्धाश्रमातल्या बाईंचा फोन आला. आज आणताय ना, खोली झाडून ठेवली आहे. मी म्हणालो, ती खोली दुसऱ्या कोणाला द्या. हे मला किती दिवस झेपणार आहे, हिवाळ्यात काय करायचं, पाठीचं काय करायचं, यातलं काहीच मी ठरवलेलं नव्हतं. आबा मांडवात कठड्याजवळ उन्हाला बसले होते, मांडीवर सुकायला लागलेलं महाळुंग घेऊन. दीना वरून वाकली. तिचा मांडव अर्धा उतरून झाला होता. "अव्नेर, शिडी मोकळी आहे, देऊ का खाली? काढतोयस ना?"

"राहू दे," मी म्हणालो. "पाहुणे बसलेत अजून."